नंदूचं वशिंड

“हे जनावर आमचं नाही,” भावोजी म्हणाले.

ते फाटकाच्या आत उभे होते. फाटकाबाहेर नगरपालिकेचे चार गडी दोर धरून घामाघूम झाले होते आणि त्यांच्या मधोमध नंदू उभा होता. भावोजींचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच नंदूने गजांमधून तोंड आत घातलं आणि त्यांच्या सदऱ्याची बाही चोखायला सुरुवात केली. ही त्याची वासरू असल्यापासूनची सवय. भावोजींनी बाही हिसकून घेतली, पण तोवर कोपरापर्यंत लाळ लागली होती.

“तुमचं न्हाई?” तुपे मुकादमाने विचारलं. गावातली मोकाट जनावरं धरून कोंडवाड्यात घालायचं काम त्याच्याकडे होतं. “मंग ह्यो तुमचीच बाही का चोखतोय?”

“जनावर आहे ते. कुणाचीही चोखेल.”

मागे जमलेल्या गर्दीतून कुणीतरी खुदकन हसलं. आमच्या गल्लीतलं झाडून सगळं माणूस त्या वेळी रस्त्यावर होतं.

“आवो साहेब, आमी ह्येला कोंडवाड्याकडं वडत हुतो. ह्येनंच आमास्नी वडत हितं आणलं,” तुपे म्हणाला. “आता नीट ऐका. धनी मिळाला तर दावं त्येच्या हातात दिऊन मी मोकळा. न्हाई मिळाला तर सोमवारच्या बाजारात लिलाव. नाकात येसण न्हाई, पाठीवर वशिंड न्हाई, औताला न्हाई का गाडीला न्हाई. असला वळू कोन घेतो आन कशाला घेतो, त्ये म्या सांगाय नगं.”

“नियमाप्रमाणे काय असेल ते करा,” भावोजी म्हणाले आणि लाळेची बाही धोतराला पुसायला लागले.

मी माझ्या मागच्या खोलीच्या दारात, हातात कात्री घेऊन उभी होते. पुढच्या खोलीच्या पडद्याआड अक्का उभी होती. पडद्याखालून तिची पावलं दिसत होती.

मुरलीधर हसबनीस हे माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायचा रिवाज आहे. तो बाकीच्यांनी पाळावा.

बोरगावचं ते घर आमच्या वडिलांचं, आबांचं. जाताना त्यांनी ते आम्हा दोघी बहिणींना दिलं. पुढच्या चार खोल्या अक्काच्या, मागच्या दोन माझ्या, अंगण दोघींचं. मी लग्न केलं नव्हतं. मागे माझा शिवणक्लास चालायचा आणि माझं बरं चाललं होतं. भावोजी सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि अक्काला घेऊन कायमचे इथे राहायला आले. सासऱ्याच्या घरात राहतो असं कुणी म्हणू नये म्हणून आल्या आल्या त्यांनी फाटकावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली आणि घराला ‘गोकुळ’ नाव देऊन टाकलं. घरात गाय नव्हती. मग कुठल्याशा स्वामींचं प्रवचन ऐकून आले आणि गाय आणायचं ठरलं.

हणमंत गवळ्याकडून नुकतीच व्यालेली गाय आली. तिच्यासोबत चार दिवसांचा तांबूस गोऱ्हा आला. गावातल्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर बोलावून भावोजींनी पितांबर नेसून, गोऱ्ह्याला मांडीवर घेऊन फोटो काढवला. ‘आधुनिक गोकुळातील मुरलीधर’ अशा मथळ्याखाली तो छापून आला. आठवड्याच्या आत गाईने त्यांना अशी लाथ घातली की ते चरवीसकट गोठ्याच्या दारात जाऊन पडले. लगेच गाय परत गेली.

“तिचा स्वभाव तामसी आहे,” भावोजी हणमंताला म्हणाले. “पण हा राहू दे. हा सात्त्विक आहे.”

“खोंड ठिवताय?” हणमंताला खरं वाटेना. “ठिवा की साहेब! खुशाल ठिवा!”

आईपासून चार दिवसांचं वासरू तोडलं गेलं, ते असं, गोसेवा म्हणून. गाय फाटकाबाहेर गेल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत हंबरत होती. तेव्हा भावोजी आत साप्ताहिकाचे जादा अंक मोजत होते.

“भावोजी, हा जर्सी आहे,” मी एकदा म्हटलं.

“बेबी, तुला शिवणातलं कळतं. हा अस्सल देशी आहे.”

“मग त्याचं वशिंड कुठे आहे?” देशी बैलाच्या खांद्यावर उंचवटा असतो, ज्याच्यापुढे जू बसतं, ते वशिंड. या गोऱ्ह्याची पाठ शेपटापर्यंत सपाट होती.

“येईल. वाढत्या वयात येतं ते. मुलांना दाढीमिशा येतात, तसं.”

वय अडतीस झालं तरी मला बेबी म्हणणारा हा माणूस जर्सी गोऱ्ह्याला वशिंड फुटण्याची वाट बघत होता. पुढे दोन वर्षं तो दर रविवारी त्याच्या पाठीवरून हात फिरवून चाचपणी करायचा. “थोडं लागतंय हाताला,” असंही म्हणायचा.

गाय परत गेली त्याच आठवड्यात त्याचं बारसं झालं. अक्काला मूल नव्हतं. आईने तिच्या बाळंतपणासाठी करून ठेवलेला सागवानी पाळणा माळ्यावर गुंडाळून ठेवला होता, तो भावोजींनी खाली काढायला लावला. अक्काने तो पुसला, तेलपाणी केलं, झालर लावली. झालर मीच शिवून दिली, कारण नाही म्हटलं असतं तर अक्का हाताने शिवत बसली असती. गोऱ्हा पाळण्यात मावला नाही. चारही पाय बाहेर लोंबकळत होते. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून पाळणा म्हणत होत्या आणि भावोजी फोटोग्राफरला कुठे उभं राहायचं ते सांगत होते. नाव ठेवलं नंदकिशोर. अक्काने वाकून त्याच्या कानात कुर्र केलं. सगळ्या हसल्या. अक्का हसली नाही. ती बराच वेळ त्याचा कान हातात धरून उभी राहिली. मला त्या दिवशी तिचा राग आला आणि तिची कीवही आली. राग जास्त आला.

नंदूला बाटलीने दूध अक्का पाजायची. शेण अक्का काढायची, गवताचे भारे तीच उतरवून घ्यायची, पोट फुगलं की ओव्याचं पाणी तीच करायची. दुपारी स्वतःच्या ताटातली शेवटची पोळी गूळ लावून त्याला भरवायची. भावोजी एकच काम करायचे. पाहुणे आले की अंगणात जाऊन वाकायचे, कपाळावर टपली मारायचे आणि म्हणायचे, “ये पठ्ठ्या! दे ढुशी!” मग नंदू कपाळाला कपाळ लावून त्यांना ढकलायचा. पाहुणे टाळ्या वाजवायचे. ढुशी दिली की गुळाचा खडा मिळायचा. जनावरांचं डोकं त्यांच्या कामापुरतं उत्तम चालतं. नंदू एवढंच शिकला, की माणूस वाकलं म्हणजे त्याला खेळायचं आहे.

तो वर्षाचा झाला तेव्हा माझ्या क्लासमधली एक मुलगी अंगणात घरंगळलेलं रीळ उचलायला वाकली आणि तुळशीवृंदावनावर जाऊन आदळली. तिचं रडणं, माझी आरडाओरड, सगळं ऐकून भावोजी बाहेर आले.

“प्रेम आहे ते त्याचं,” ते म्हणाले.

“त्या पोरीच्या कपाळाला टेंगूळ आलंय.”

“प्रेमात थोडं लागतंच, बेबी. तुला अनुभव नाही.”

माझ्या क्लासमधले तीन परकर त्याने खाल्ले. एक तर गिऱ्हाइकाचा होता, नाडी ओवलेला. मी नंदूला शिव्या घालायची, झाडू घेऊन धावायची. दाराशी आला की पाणी मारायची. तो मला घाबरायचा आणि मला ते बरं वाटायचं.

त्या सुमारास अक्का एकदा बोलली होती. जेवताना, वाढता वाढता. “आबांच्या बैलांना वेसण असायची. याला घालून घ्यायला हवी. आणि दवाखान्यात नेऊन खच्चीही करून आणायला हवा. मोठा होतोय तो.”

भावोजींनी घास खाली ठेवला. “माझ्या मुलाच्या नाकात भोक पाडू? तुला माया म्हणून काही आहे की नाही, कुमुद?”

अक्काचं नाक ती सहा वर्षांची असताना नथीसाठी टोचलं होतं. त्याबद्दल कुणाला काही वाटल्याचं मला आठवत नाही. तिने त्यांना आणखी एक पोळी वाढली. पुन्हा कधी तो विषयही तिने काढला नाही. तिची ती सवय मला मुळीच आवडायची नाही.

नंदू दोन वर्षांचा झाला तो चांगला धष्टपुष्ट वळू होऊन. गावात ‘गोरक्षण प्रसारक मंडळ’ नावाचं एक मंडळ होतं. त्यात सगळे निवृत्त लोक होते आणि गाय एकाच्याही घरी नव्हती. ते मंडळ भावोजींना ‘गोपालभूषण’ पदवी देणार होतं. त्याची बोलणी करायला मंडळी घरी आली तेव्हा भावोजी नेहमीप्रमाणे अंगणात जाऊन वाकले आणि कपाळावर टपली मारली. नंदूने ढुशी दिली. भावोजी थेट धुण्याच्या दगडापलीकडे जाऊन पडले, धोतर सुटलेलं. नंदू त्यांच्याजवळ जाऊन गुळाच्या खड्याची वाट बघत उभा राहिला.

मंडळी गेल्यावर संध्याकाळपर्यंत ते खोलीत पडून होते. दुसऱ्या दिवशी बाहेर आले ते वैराग्य घेऊनच.

“याला देवाला सोडायचा,” ते म्हणाले. “कुठवर मोहात राहायचं? महादेवाचा नंदी आहे तो. आपण फक्त सांभाळ केला.”

श्रावणातल्या सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळासमोर समारंभ झाला. नंदूला हळद लावली, हार घातला. भावोजींनी त्यागावर भाषण केलं. ते डोळे पुसत होते आणि फोटोग्राफर होताच. मग नंदूचं दावं सोडलं. सगळ्यांनी ‘हर हर महादेव’ केलं. भावोजी भाषणानंतरच्या गप्पा, पेढे वगैरे आटोपून घरी आले, तर नंदू त्यांच्याआधी येऊन फाटकाशी उभा. हार त्याने वाटेत खाऊन टाकला होता.

“फाटक उघडायचं नाही,” भावोजी म्हणाले. “आता तो आपला नाही. देवाच्या वस्तूला हात लावणं पाप आहे.”

देवळाचे गुरव दोन दिवसांनी येऊन म्हणाले, “साहेब, देवानं कुठं मागितला हुता? सगळा बेल खाऊन बसलाय त्यो.” भावोजींनी त्यांनाही पापपुण्य समजावून सांगितलं.

नंदू दिवसभर बाजारात फिरायचा, भाजीवाल्यांच्या काठ्या खायचा आणि सांजवेळी फाटकाशी येऊन हंबरायचा. मग थोड्या वेळाने गप्प व्हायचा. तो गप्प का होतो ते मला माझ्या खिडकीतून दिसलं. परसात, मागच्या बोळाकडच्या भिंतीपाशी, अक्का पाटावर चढून भिंतीवरून हात खाली सोडायची. हातात गूळ लावलेली पोळी असायची. भिंतीपलीकडून नंदूचं नाक तेवढं दिसायचं. पोळी संपली की अक्का पाट उचलून, हात धुऊन, जशी काही तुळशीला पाणी घालून आली अशा चेहऱ्याने आत जायची. मी खिडकी लावून घ्यायची. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं जनावर आणि त्याला पोळी द्यायची ती चोरून. असल्या मायेची मला शिसारी यायची.

आणि त्या दिवशी दुपारी काळोखे पोस्टमन आमच्या दारात आले. भावोजींच्या समारंभाची निमंत्रणं परत आली होती, पत्ते चुकल्यामुळे. ती देऊन ते वळले. सायकलची चेन पडली होती, म्हणून ते वाकले.

नंदू त्या दिवशी लवकरच फाटकाशी आला होता. किती दिवसांत त्याच्यासमोर कुणी वाकलं नव्हतं.

काळोख्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ते गटारात पडले होते आणि सायकल त्यांच्या अंगावर होती. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा नंदू मान हलवत तिथेच उभा होता. त्यालाही काहीतरी मिळेल असं वाटत असावं. मग तुपे मुकादम गडी आणि दोर घेऊन आला. त्यांनी नंदूला गल्लीच्या टोकापर्यंत ओढत नेलं आणि तिथून त्यानेच त्यांना ओढत परत फाटकाशी आणलं.

तर असे आम्ही सगळे त्या फाटकापाशी होतो. पदवीदान समारंभ पुढच्या रविवारी होता. ‘गोपालभूषणांच्या वळूने पोस्टमनला लोळवलं’ असं साप्ताहिकात आलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब भावोजींच्या तोंडावर चालू होता.

“आवो, पर तुमीच न्हाई का सोडला ह्येला देवाला?” तुप्याने विचारलं. “सगळ्या गावानं बघितलंय.”

“आम्ही सोडला तो नंदी वेगळा. तो गेला असेल कुठे तरी तीर्थक्षेत्री. हा कुठला तरी भटका वळू आहे. नीट बघा, याला वशिंडसुद्धा नाही. आमचा देशी होता.”

दोन वर्षांनंतर त्यांना ते एकदाचं दिसलं होतं.

तुप्याने मान हलवली आणि गड्यांना खूण केली. चौघांनी दोर ताणले. नंदूने चारही पाय रोवले, मान खाली घातली आणि कपाळ फाटकाच्या गजांना लावून तो थांबला. ढकललं नाही. नुसतं कपाळ टेकवून तो भावोजींकडे बघत राहिला. आता ते टपली मारतील, ‘ये पठ्ठ्या’ म्हणतील, म्हणून. भावोजी दोन पावलं मागे सरकले.

पडद्याखालची पावलं हलली नाहीत.

“चला रं, वडा,” तुपे म्हणाला. “सोमवारी लिलाव.”

मला नंदूचा पुळका आला होता असं कुणी समजू नये. त्याने माझे परकर खाल्ले होते, माझ्या क्लासच्या मुली पळवून लावल्या होत्या. मला पुळका कुणाचाच आला नव्हता. मला फक्त त्या लाळ पुसणाऱ्या माणसाची एवढी किळस आली की कात्री तिथेच टाकून मी अंगण ओलांडलं आणि फाटकाची कडी काढली.

“मुकादम, दोर इकडे द्या. हा माझा आहे.”

“तुमचा, बाई?”

“माझा. हे अंगण माझं आहे. याच अंगणात तो वाढला. माझे तीन परकर त्याच्या पोटात गेलेत. आणखी काय पाहिजे?”

“पोस्टमनचं बी तुमच्यावर यील, बाई. इचार करा.”

“येऊ दे. मी बघते त्यांचं.”

तुप्याने दोर माझ्या हातात दिला. आणि तेवढ्यात भावोजी ओरडले.

“तुझा? तुझा कसा? तुला तर तो डोळ्यांसमोर नको असायचा! झाडू घेऊन धावायचीस त्याच्या अंगावर! बाटलीने दूध कुणी पाजलं त्याला? बारसं कुणी केलं? पेपरात फोटो आला तेव्हा तो कुणाच्या मांडीवर होता? तुझ्या?”

दूध अक्काने पाजलं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

तुपे मुकादम शांतपणे म्हणाला, “कुणाच्या मांडीवर हुता, साहेब? ह्योच का?”

मग जे हसू उसळलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. दोर धरणारे गडी खाली बसून हसले. समोरच्या गिरणीवाल्याने गिरणी बंद केली, हसायला. भावोजी “मी एक सर्वसाधारण विधान केलं,” असं काहीसं म्हणत घरात गेले. जाताना पडद्याला त्यांचा धक्का लागला आणि पडदा सरकला. अक्का तशीच उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

मी नंदूला माझ्या बाजूच्या शेवग्याला बांधला. तो तिथे उभा राहून अंगणाकडे बघत होता. दिवेलागणीला अक्का तुळशीपाशी आली. दिवा लावला आणि उभी राहिली.

“बरं केलंस, बेबी,” ती हळूच म्हणाली.

माझा संताप झाला. “तू का नाही केलंस? आत उभी राहून सगळं ऐकत होतीस. एक शब्द बोलली असतीस तर?”

“मुकादमाने यांना विचारलं. यांनी त्याला सांगितलं. मला कुणी विचारलं?”

“मला तरी कुणी विचारलं होतं?”

अक्काने माझ्याकडे बघितलं. दिव्यातली वात सारखी केली आणि आत निघून गेली. त्या रात्री ती पोळी घेऊन शेवग्याशी आली नाही, आणि मला वाटलं, संपलं. आता ही चोरूनसुद्धा येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची मंडळी आली. चिटणीस भिडे आणि आणखी दोघे, शंकेखोर चेहऱ्यांचे. भावोजींनी त्यांना ओसरीवर बसवलं. माझ्या खोलीपर्यंत शब्द ऐकू येत होते. माझी मेव्हणी भावनाप्रधान आहे, भटक्या जनावरावर दया केली, लोकांनी उगाच माझ्या तोंडी काहीबाही घातलं, वगैरे. भिडे मान डोलवत होते. त्यांना मानायचंच होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या.

अक्का चहा घेऊन आली. कप ठेवले. मग पुन्हा आत गेली आणि बाहेर आली ती हातात ताटली घेऊन. ताटलीत दोन पोळ्या, वर गूळ. भर दिवसा, पुढच्या दाराने, सगळ्यांच्या समोरून ती ओसरीच्या पायऱ्या उतरायला लागली.

“वहिनी,” भिडे सहज म्हणाले, “तो शेवग्याखालचा वळू कुणाचा हो?”

अक्का थांबली. बाईला कुणीतरी विचारलं होतं.

“आमचा,” ती म्हणाली. “मी बाटलीवर वाढवलाय त्याला. यांनी काल नाही म्हणून सांगितलं ते खोटं होतं.”

आवाज चढवला नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं आणि अंगण ओलांडून नंदूपाशी गेली. नंदूने मान खाली घातली. अक्काने त्याचं कपाळ तळहाताने बाजूला केलं आणि म्हणाली, “ढुशी नाही. आता ढुशी बंद.” मग पोळी मोडून त्याच्या तोंडात दिली.

“चहा घ्या ना, गार होतोय,” भावोजी म्हणाले.

नंदूला हणमंत गवळ्याने येऊन वेसण घातली. त्या वेळी डोकं अक्कानेच धरून ठेवलं होतं. दवाखान्यातलं कामही करून आणलं. काळोख्यांकडे मी गेले. हात गळ्यात बांधलेला असताना घालता येईल असा पुढून उघडणारा खाकी सदरा त्यांना शिवून नेला. ते भले माणूस. त्यांनी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, “बाई, तुमच्या दारात चेन पडली तर मी आता सायकल उचलून न्यायचो.”

नंदू पुढे बरीच वर्षं शेवग्याखाली राहिला. कसल्याच उपयोगाचा नव्हता. मी त्याला शिव्या द्यायचं शेवटपर्यंत सोडलं नाही.

आणि समारंभ? झाला की! मी मुद्दाम गेले आणि पहिल्या रांगेत बसले. अक्का आली नाही. भावोजी गोपालभूषण झाले. भिड्यांनी भाषणात ‘मुक्या जिवावर पुत्रवत प्रेम’ असं म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. टाळ्या पडल्या. नारळ मिळाला, मानपत्र मिळालं आणि जरीकाठाची, चांगली जाड लोकरीची शाल मिळाली. ती घरी आणून त्यांनी घडी करून कपाटात ठेवली.

पौषात थंडी पडली तेव्हा अक्काने ती कपाटातून काढली. भावोजी ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांच्यासमोरून ती शाल घेऊन गेली आणि नंदूच्या पाठीवर पांघरली. भावोजींनी पेपर थोडा वर उचलला. वशिंड नसल्यामुळे शाल त्या पाठीवर टिकायची नाही, सारखी घसरून शेणात पडायची. अक्का ती उचलायची, झटकायची आणि पुन्हा घालायची.